पदवीनंतर पुणे की एम.एस्सी.?

प्रश्न : मी हिंगोली जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातली मुलगी असून यंदा रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाले. मैत्रिणी राज्यसेवेच्या तयारीसाठी पुण्याला निघाल्या आहेत, वडील बी.एड. करण्यास सांगतात आणि मला एम.एस्सी. करावीशी वाटते. काय करावे?
— एक वाचक

उत्तर : तुमचा कल एम.एस्सी.कडे आहे आणि माझ्या मते तोच मार्ग आधी धरावा. १९९४ साली स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात तुमचा जिल्हा येतो, त्यामुळे घरापासून फार दूर न जाता, पुण्यातील खोलीभाडे आणि खाणावळीचा भार वडिलांवर न टाकता तुम्हाला हे शिक्षण घेता येईल. पुढे नेट किंवा सेट उत्तीर्ण झाल्यास महाविद्यालयीन अध्यापनाची पात्रता मिळते, आणि छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतील औषध कंपन्यांच्या गुणवत्ता तपासणी प्रयोगशाळांतही या पदवीला मागणी असते.

राज्यसेवेची दारे यामुळे बंद होत नाहीत. खुल्या प्रवर्गासाठीही वयोमर्यादा ३८ वर्षांची आहे. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली असल्याने रोज थोडे मराठी आणि इंग्रजी लेखन मात्र आतापासूनच सुरू करावे. बी.एड. दोन वर्षांचे आहे आणि त्यानंतरही शिक्षकभरतीसाठी अभियोग्यता चाचणी आणि आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी शिक्षक पात्रता परीक्षाही द्यावी लागते, हे वडिलांना शांतपणे सांगा. त्यांची काळजी खरी आहे, म्हणून एम.एस्सी.च्या दोन वर्षांचा खर्च कागदावर मांडून त्यांच्यासमोर ठेवा आणि शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर मुदतीत भरा.