म्हैस खाते म्हणून तण गरीब?

प्रश्न : मुक्ताईनगर तालुक्यात हतनूर धरणाच्या फुगवट्यात आमची गाळपेर जमीन आहे. पाणी उतरलं की हरभरा पेरतो. यंदा काठाला एक नवीनच पसरणारं तण दिसलं. दांडा पोकळ, फूल पांढरं, बारक्या गोंड्यासारखं. म्हशी आवडीने खातात. मुलगा म्हणतो, राहू द्या, फुकटचा चारा आहे. पुढे जलपर्णीसारखा ताप होईल का? फोटो सोबत आहे.
– एक शेतकरी वाचक

उत्तर : दादा, फोटोत मी आधी फुलाचा देठ शोधला. आपल्या पाणथळीत या तणाची एक जवळची बहीण पहिल्यापासून उगवते, पण तिची फुलं पानाच्या बेचक्यात चिकटून बसतात. तुमच्याकडचं फूल बोटभर देठावर उभं आहे, त्यात दांडा पोकळ. मला ही दक्षिण अमेरिकेतली अ‍ॅलिगेटर वीड वाटते. तरी फुलासकट एक फांदी रद्दीत दाबून वाळवा आणि जवळच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्राच्या सरांना दाखवा. ओली फांदी मात्र पिशवीत घालून गावभर फिरवू नका.

आता म्हशीचं. बेशरम वनस्पतीला जनावर तोंड लावत नाही आणि ती नाल्यानाल्याने पसरली, हे आपण पाहतोच. म्हणून जे जनावर खातं ते पसरत नाही, असं थोडंच आहे? म्हैस शेंडे खाते, पेरं चिखलातच राहतात.

बाहेरची वनस्पती देशात येऊ द्यावी की नाही, हे ठरवायला ऑस्ट्रेलियात १९९७ पासून ४९ प्रश्नांची गुणपद्धत आहे. ६ च्या वर गुण गेले की प्रवेश बंद. त्यातले सगळेच प्रश्न आपल्याला नकोत. मला विचाराल तर सर्वांत वजनदार प्रश्न एकच : दुसरीकडे तिने काय केलं? हिचं उत्तर वाईट आहे. काश्मीरच्या वुलर सरोवरातही ती शिरली आहे.

दुसरा प्रश्न, वाढते कशी? आपल्या देशात ती सहसा बी धरत नाही. हे ऐकून लोक निश्चिंत होतात आणि तिथेच फसतात. उसाच्या बेण्यासारखं तिचं प्रत्येक पेर फुटतं. गाळपेरीत रोटाव्हेटर फिरवलात की एका वेलीचे शेकडो तुकडे होतील. पोकळ दांडा तरंगतो, पावसाळ्यात हतनूरचे ४१ दरवाजे उघडले की तुकडे तापीने खाली जाणार. प्रकाशा, सारंगखेड्याचे बंधारे वाटेतच आहेत.

तिसरा प्रश्न तुमच्या जागेचा, आणि मला खरी काळजी त्याचीच. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठावर राहिलेली जलपर्णी वाळून जाते. (तिचं बी गाळात वर्षानुवर्षं टिकतं, ते सोडा.) ही मात्र कोरड्यावरही मूळ धरून बसते आणि पाणी चढलं की पुन्हा पाण्यावर पसरते. वर्षातून एकदा चढणारं-उतरणारं पाणी आणि खत मुरलेला गाळ, तिला आणखी काय पाहिजे?

कॉलेजातून नाव पक्कं होईपर्यंत तणाच्या पट्ट्याच्या कडेला बांबूच्या खुंट्या ठोका, काही पाण्यात, काही कोरड्यात. दर पंधरवड्याला बघा. कोरड्यातली खुंटीही तणाने ओलांडली, तर पुढच्या हंगामाची वाट पाहू नका.

नाव पक्कं झालं आणि पट्टा खाटेएवढाच असेल, तर पाणी उतरल्यावर कुदळीने मुळासकट खणा. खोल गेलेल्या मुळ्या शोधून काढा, ताडपत्रीवर कडकडीत वाळवा, मग जाळा. तणनाशक मारू नका, खाली लोक हेच पाणी पितात. एकरभर असेल तर एकट्याचं काम नाही. ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन पाटबंधारे शाखेत लेखी द्या.

आणि मुलाला सांगा, म्हशीसाठी कापून घरी तर अजिबात नेऊ नकोस. वाटेतल्या नाल्यात एक पेंढी पडली तरी पुरे.