२००८ च्या बोलेरोला २०डब्ल्यू-५० ऑइल टाकू का?

तुमची गाडी दोन लाखांच्या वर चाललीय, निळसर धूर मारते, ऑइल खाते आणि गॅरेजवाला म्हणतो, "गाडी जुनी झाली, आता १५डब्ल्यू-४० सोडा, जाड ऑइल टाका." टाकू का, असं विचारलंय.

नका टाकू. धूर कुठून येतोय ते कळेपर्यंत तर अजिबात नको.

गॅरेजवाल्याचं हेच वाक्य आमच्या घरी माझ्या दाजींनी म्हटलं होतं. वडिलांची, म्हणजे नानांची गाडीही बोलेरोच, तेच जुनं डीआय टर्बो इंजिन. मी पुण्यात होतो, तेवढ्यात दाजींच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये २०डब्ल्यू-५० भरून झालं. दाजींचं सगळं आयुष्य ट्रॅक्टर-पिकअपमध्ये गेलेलं, त्यांच्यापुढे नाना काही बोलत नाहीत. सुरुवातीला धूर थोडा कमी दिसला. मग थंडी आली. आमचं गाव निफाडजवळ. पारा चार-पाच अंशांवर उतरला की द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. अशा पहाटे नानांनी सेल्फ मारला की इंजिन कण्हत फिरायचं. चालू झालं तरी ऑइलचा लाल दिवा लगेच विझायचा नाही आणि तोवर वरून टॅपेटची कडकड. त्या काही सेकंदांत टर्बोच्या बेअरिंगला ऑइल पोचत नाही, झीज तिथेच होते. दाजी म्हणाले, बॅटरी बदला. बदलली. कडकड तशीच.

संक्रांतीला घरी आलो तेव्हा बॉनेट उघडलं. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढलं तर आतून भकाभक धूर. म्हटलं पिस्टनच्या रिंगा गेल्या की काय. पण आधी ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातला गॅस बाहेर सोडणारा पाइप काढला. रबर दगडासारखं कडक आणि आतून काळ्या चिकट गाळाने इतकं बुजलेलं की पेन्सिल शिरेना. इंजिनच्या पोटातल्या गॅसला बाहेर पडायला वाटच नव्हती. दाब वाढला की टर्बोतलं ऑइल खाली ऑइलच्या चेंबरमध्ये नीट परतत नाही, सीलवरून इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जायच्या वाटेत जातं आणि जळतं. टर्बोपुढचा होज तिरका केला तर ऑइलची धार लागली. ब्रीदरचा नवा पाइप, टर्बोची रिटर्न लाइन साफ, नवा फिल्टर आणि परत १५डब्ल्यू-४०. धूर गेला, पहाटे गाडी एका सेल्फला चालू, आणि पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत वरून ऑइल टाकावं लागलं नाही.

दाजी आजही म्हणतात, धूर पाइपमुळे गेला, ऑइलमुळे नाही. अहो, मी तरी दुसरं काय म्हणतोय! दोष पाइपात होता, मग जाड ऑइल भरलंच कशाला?

'आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, डब्ल्यूच्या आकड्याला काय बघायचं' हेही खूप ऐकलं. डब्ल्यू म्हणजे विंटर. इंजिन गार असताना ऑइल किती चटकन वर चढतं, ते डब्ल्यूच्या आधीच्या आकड्यावर ठरतं. पुढचा आकडा इंजिन गरम झाल्यावरचा. १०० अंशांना ४० चं ऑइल १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक्समध्ये (हे जाडपणाचं माप) बसतं, ५० चं त्याच्या वर. इंजिनातल्या भागांमधल्या फटी ठरवताना कंपनीने हे धरलेलं असतं. डब्यावर एपीआयची (ऑइलचा दर्जा ठरवणारी अमेरिकन संस्था) 'सी'ची, म्हणजे डिझेलची श्रेणी बघा, 'एस' पेट्रोलसाठी असते. सीएच-४ १९९८ ची, सीआय-४ २००२ ची. तुमच्या गाडीला सीआय-४ मिनरल, म्हणजे सिंथेटिक नसलेलं साधं ऑइल पुष्कळ झालं. सीके-४ चालतं, पण त्यातली कमी राखेची करामत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाड्यांसाठी आहे, तुमच्या गाडीला डीपीएफ नाही. आणि ऑइल लगेच काळं झालं म्हणून कुणी बदलायला लावलं तर ऐकू नका. डिझेलची काजळी ऑइल स्वतःत धरून ठेवतं म्हणून ते काळं होतं, त्याचं कामच ते.

दोन गोष्टी राहिल्या. हे सगळं तुमच्या-आमच्यासारख्या जुन्या इंजिनाचं. १.३ मल्टिजेटसारखं चेनचं कॉमन रेल इंजिन असलेल्यांनी माझं १५डब्ल्यू-४० उचलू नये. तिथे चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो, पुस्तकात असेल तेच पातळ ऑइल टाका. आणि कॉम्प्रेशन तपासून रिंगा खरंच गेल्या असतील, गरम इंजिनाचा ऑइल प्रेशर पडत असेल, तर जाड ऑइलने काही महिने ढकलता येतात. पण तेव्हा गॅरेजवाल्याने तसं स्पष्ट सांगावं, की इंजिन उघडून करायच्या कामाला आलंय. तुमच्या गॅरेजवाल्याने ब्रीदर काढून बघितला का, हे आधी विचारा.