वाचक विचारतात : आगोट, नारळी पौर्णिमा आणि माटवी

प्रश्न : सेवानिवृत्तीनंतर आम्ही दोघे मुंबईहून राजापूर तालुक्यातील गावच्या घरी कायमचे राहावयास आलो. सासूबाई आता नाहीत, म्हणून त्यांच्या आगोटीचा, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या साठवणीचा व आवराआवरीचा, क्रम आठवेल तसा मी सुरू केला. २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस आमसुले अर्धवट सुकलेली असतानाच पाऊस कोसळला. ती घाईने बरणीत भरली आणि श्रावणात उघडून पाहिली, तर सगळ्यांवर बुरशी होती. ‘मिरगाच्या आत सगळे आत’ एवढेच सासूबाई म्हणत. ते नेमके केव्हा आणि कसे करावयाचे?

उत्तर : सासूबाईंचे म्हणणे खरेच आहे, परंतु त्यातील निम्मेच आपल्यापर्यंत पोहोचले. मृग नक्षत्र दरवर्षी ७ किंवा ८ जूनला लागते आणि ती आगोटीची शेवटची मर्यादा होय, कामाचा दिवस नव्हे. ज्या घरांत आगोट नीट भरली जात असे, तेथे २५ मेच्या सुमारास रोहिणी लागेपर्यंत खळ्यातील मांडव उतरलेला असे, लाकूडफाटा आणि शेणी पडवीत रचलेल्या असत, पावसाच्या बाजूला झापे (नारळाच्या विणलेल्या झावळ्या) बांधून झालेली असत, आणि मिरगापर्यंतचे दिवस केवळ राहिलेसाहिले आवरण्यासाठी हाताशी ठेवलेले असत. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला, जेथे त्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. त्यामुळे त्या वर्षी अनेक जाणत्या घरांचीही आमसुले भिजली. तेव्हा स्वतःला फार दोष देऊ नका.

आमसुलाचे काम सावकाशीचे आहे. पिकलेले रातांबे (कोकमाची फळे) फोडून गर व बिया वेगळ्या काढाव्यात, त्या गरात मीठ घालून सुटलेला रस बरणीत ठेवावा, आणि साले एकदा कडक उन्हात वाळली की रोज त्या रसात बुडवून पुन्हा वाळत घालावीत. अशी पाच-सहा पुटे बसली म्हणजे आमसूल काळपट आणि चिवट होते. पुटे कमी पडली तर फार तर आंबटपणा कमी राहील, पण ओल राहिली तर बुरशी टळत नाही. म्हणून आभाळ भरून येऊ लागले की नव्या फळांची साले वाळत घालण्याचा हट्ट सोडावा आणि उरलेल्या रातांब्यांचे आगळ करावे. मिठात मुरवलेल्या त्या रसाला उन्हाची गरज लागत नाही, आणि पावसाळ्यातल्या सोलकढीला तो आमसुलाइतकाच उपयोगी पडतो. बुरशी आलेली आमसुले धुऊन वापरण्याचा सल्ला कोणी दिला तरी तो ऐकू नये, टाकून द्यावीत. बिया मात्र टाकू नयेत. त्यांपासून निघणारे घट्ट कोकमतेल भेगा पडलेल्या टाचांना आजही लावतात, आणि लावणीच्या दिवसांत चिखलात उभे राहिल्यावर त्याचे मोल कळते.

पापड, मिरगुंडे आणि सुकी मासळी घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवावी, मासळीचा डबा अर्थातच वेगळा, आणि श्रावणात उघडीप मिळेल त्या दिवशी सारे एकदा उन्हाला दाखवावे. कडवे वाल व कुळीथ चुलीच्या राखेत घोळून ठेवले तर कीड लागत नाही. आगोटीच्या याद्यांतून हमखास सुटणारी एक गोष्ट म्हणजे बियाणे. काकडी, दोडका, पडवळ यांच्या वाळलेल्या बिया काढून ठेवा आणि मृगाचा पहिला पाऊस पडताच परसात टोचा. त्या का, हे शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात येईल.

प्रश्न : आमचे घर मालवण तालुक्यात किनाऱ्यालगत आहे. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते, तरीही नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राची ताजी मासळी घरात आणायची नाही, असा सासऱ्यांचा नियम आहे. २०२३ साली ही पौर्णिमा ३० ऑगस्टला आली आणि महिनाभर घरात वाद झाले. योग्य काय?

उत्तर : हा वाद मला दोन पंचांगांचा दिसतो. १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची बंदी मासळीच्या विणीचा काळ आणि खवळलेला दर्या यांसाठी यांत्रिक नौकांना असते, आणि ती इंग्रजी तारखेने चालते. नारळी पौर्णिमा तिथीने येते. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे ती दरवर्षी अलीकडे सरकते आणि अधिक मास आला की एकदम पुढे जाते. २०२३ मध्ये श्रावणच अधिक होता, म्हणून ३० ऑगस्ट उजाडला. २०२५ मध्ये हीच पौर्णिमा ९ ऑगस्टला होती, तेव्हा बहुधा वाद झाला नसावा.

सासऱ्यांचा नियम मुळात होडीचा आहे. दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटायची नाही, हा त्याचा अर्थ. घरात आजही होडी असेल तर मी त्यांच्या बाजूने आहे. नसेल तर हा त्यांचा वैयक्तिक नेम समजून त्यांच्या ताटापुरता पाळावा. नाही तरी जुन्या घरांतून पावसाळ्यात मासळी बंद नसे. पहिल्या पावसात शेतांत चढणारे मासे, खाडीची मासळी आणि आगोटीचा सुका बोंबील यांवर ते दिवस निघत. सासऱ्यांना त्यांच्या लहानपणीच्या चढणीच्या माशांविषयी एकदा विचारून पाहा.

प्रश्न : कुडाळजवळच्या आमच्या घरी गणपतीच्या माटवीला, म्हणजे मूर्तीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला, कवंडळ, हरणे, कांगले अशी रानफळे बांधण्याची रीत आहे. आता रानात जाणारे कोणी नाही आणि बाजारात प्लास्टिकची फळे मिळतात. ती चालतील का?

उत्तर : माझ्या मते चालू नयेत. चतुर्थीच्या सुमारास रानात आणि परसात जे पिकलेले असते ते देवाच्या डोक्यावर बांधणे, एवढीच माटवीची कल्पना आहे. रानातले न मिळाल्यास परसातले बांधावे: नारळ, सुपारीचे शिपटे (घड), दोडका, चिबूड, तवसे (मोठी काकडी) आणि आंब्याचे टाळ (डहाळ्या). कवंडळ आठवडी बाजारात मिळाले तर एखादे घ्यावे, न मिळाल्यास ती जागा रिकामी राहिली तरी हरकत नाही. मृगात टोचलेल्या काकडीच्या वेलाला चतुर्थीपर्यंत फळ धरते, म्हणूनच वर राजापूरच्या भगिनींना बियाण्याची आठवण केली. आमच्या घरी विसर्जनानंतर माटवीचे तवसे उतरवून किसतात आणि त्याचे धोंडस, म्हणजे काकडीचा गोड केक, करतात. प्लास्टिकच्या तवशाचे धोंडस होत नाही.