मोठ्या टेबलवरची क्वेरी आणि प्रोग्रामची मेमरी

मोठ्या टेबलमधल्या ओळी वाचताना मेमरी संपून तुमचा प्रोग्राम नेमका महिनाअखेरच्या रिपोर्टलाच बंद पडतो, यावर सर्व्हरची रॅम वाढवत राहणे हा उपाय नव्हे. पायथॉनमधून सायकोपीजी२ (पोस्टग्रेस डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) वापरताना साधा कर्सर (क्वेरी चालवून ओळी वाचून देणारा ऑब्जेक्ट) क्वेरी चालताक्षणी सगळ्या ओळी प्रोग्रामच्या मेमरीत आणून ठेवतो. त्यामुळे फेचऑलऐवजी (सगळ्या ओळी एकदम मागणे) फेचमेनी (थोड्या थोड्या मागणे) लिहिल्याने मेमरी वाचेल, ही नवख्यांची समजूत चुकीची ठरते. हिंजवडीत नोकरीला असताना मी स्वतः याच समजुतीपायी दोन रात्री घालवल्या आहेत. कर्सरला नाव द्या, म्हणजे निकाल पोस्टग्रेसकडेच राहतो आणि कर्सरवर लूप फिरवल्यास एका वेळी २००० ओळी येतात. ही संख्या कर्सरच्या आयटरसाइझ या सेटिंगने बदलता येते, आणि ओळींत लांबलचक मजकूर असेल तर ती कमीच ठेवावी. मात्र असा कर्सर ट्रान्झॅक्शन (डेटाबेसमधल्या कामांचा एक गट) संपताच मिटतो, म्हणून लूपच्या मध्ये कमिट (ट्रान्झॅक्शन पूर्ण करण्याचा आदेश) करू नका. आलेल्या ओळी पुन्हा लिस्टमध्ये साठवत गेलात, तर सारे मुसळ केरात. प्रत्येक ओळ लगेच फाइलमध्ये लिहा. जावाच्या पोस्टग्रेस ड्रायव्हरला नुसती फेचसाइझ (एका वेळी आणायच्या ओळींची संख्या) देऊन भागत नाही, ऑटोकमिटही (प्रत्येक आदेशानंतर आपोआप होणारे कमिट) बंद करावे लागते. बेरीज आणि सरासरी तर डेटाबेसलाच करू द्या.