पिनकोड जुळला, पण माणूस?

(वाचकांचे प्रश्न : ट्रायलसाठी स्वयंसेवकांची ऑनलाइन नोंदणी)

आमच्या रुग्णालयात मधुमेहाच्या औषधाची ट्रायल, म्हणजे माणसांवरची चाचणी, चालू आहे. स्वयंसेवकांसाठी ऑनलाइन रजिस्ट्री उघडली. संगणकाने ट्रायलच्या अटींशी 62 नावं जुळवून दिली, अभ्यासात आले 7. बाकीचे कुठे गळले?
– स्टडी कोऑर्डिनेटर, रत्नागिरी

जुळणी होते माणसाने स्वतः भरलेल्या माहितीवर आणि निवड होते रक्ताच्या रिपोर्टवर. ‘मधुमेह आहे का? हो/नाही’ एवढंच विचारलं, की शिबिरात एकदा साखर जास्त निघालेला ‘हो’ म्हणतो. गोळ्यांनी साखर ताब्यात असलेला मात्र ‘आता नाही’ समजून ‘नाही’वर बोट ठेवतो. त्याऐवजी गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो मागा. शेवटची एचबीएवनसी किती, कोणत्या तारखेची, ते विचारा. ही तपासणी साधारण मागच्या तीन महिन्यांची साखर सांगते, म्हणून त्याहून जुना आकडा जुळणीत धरू नका. इन्सुलिन आणि मूत्रपिंडाचा आजार यांसाठी वेगळा रकाना हवा, कारण बरेचजण तिथेच बाद होतात.

मोबाइल नंबर हीच माणसाची ओळख, असं सॉफ्टवेअरला सांगितलं असेल तर ते आधी बदला. घरात फोन एकच असतो. सुनेने स्वतःची नोंद केली, मग त्याच नंबरवर सासूची केली, की पहिली नोंद पुसली जाते. उलटंही घडतं : मुलगा आधारवरची 1 जून ही जन्मतारीख टाकतो, आशाताई म्हातारीला विचारून दुसरीच टाकतात आणि एकाच आजीची दोन माणसं होतात. नाव, गाव-वाडी आणि जन्मवर्ष एकत्र तपासा, शंका आली तर फोन करा.

अंतराचा घोळ तर कोकणातला खास. संगणक दोन पिनकोडांमधलं सरळ रेषेतलं अंतर मोजतो, खाडी त्याच्या गावीही नसते. तवसाळचा माणूस जयगडच्या अगदी समोर दिसतो, पण फेरीबोट चुकली की त्याला लांबचा वळसा. त्यामुळे ‘किती किलोमीटर’ नको, ‘सकाळी नऊपर्यंत पोचाल का, परतीची शेवटची एसटी किती वाजता’ हे विचारा. उपाशीपोटी रक्त द्यायचं तर किमान आठ तास पोटात काही नसतं. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेणारा माणूस तशा अवस्थेत दोन तास एसटीत बसला तर साखर उतरून चक्कर येऊ शकते. सकाळची गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांकडून आदल्या दिवशीच कळवा, खिशात साखर ठेवायला सांगा, आणि रक्त काढल्याबरोबर चहा-नाश्ता द्या. यात हयगय झाली तर माणूस दुसऱ्या भेटीला फिरकत नाही.

भेटींच्या तारखाही कॅलेंडर बघून लावा. लावणीत शेतकरी येणार नाही, गणपतीत कोणीच येणार नाही. मच्छीमार मात्र 1 जून ते 31 जुलै या बंदीच्या काळात सापडतात.

आता मोजणी. प्रत्येक नावापुढे लिहा : फोन लागला नाही, नको म्हणाले, फोनवर अपात्र, तपासणीत अपात्र, पात्र पण आले नाहीत. पहिल्या ढिगाला उपाय ताज्या नोंदी. सहा महिन्यांनी प्रत्येकाला ‘नाव ठेवू का’ असं विचारायचं. तिसऱ्याला आणि चौथ्याला उपाय फॉर्म सुधारणं, पाचव्याला गाडीभाडं आणि वेळ. तुमच्या आकड्यांनुसार नवांत एक येतो. 30 माणसं हवीत तर जुळलेली नावं 270 च्या घरात लागतील. फॉर्म सुधारला की हे प्रमाण बदलेल, तेव्हा दर महिन्याला पुन्हा मोजा.

आणि एक. जुळलेल्यांना पाठवायचा व्हॉट्सॲप मेसेज, फोनवर बोलायचा मजकूर, पोस्टर हे सगळं आधी एथिक्स कमिटीकडून (सहभागींचं हित जपणारी समिती) मंजूर करून घ्यावं लागतं. मेसेजमध्ये आजाराचं नाव नको. तो फोन शेजारचा पोरगाही वाचतो. ‘मोफत उपचार’ किंवा ‘गुणकारी नवं औषध’ असलं काही लिहिलंत तर कमिटी परत पाठवेल, आणि पाठवावंच.

रजिस्ट्रीत नाव घातलं. आता ट्रायलला जावंच लागेल का? एकाने फोन करून आधार नंबर आणि ओटीपी मागितला.
– एक वाचक, गुहागर

नाही. नाव नोंदवणं म्हणजे ‘मला विचारायला हरकत नाही’ एवढंच. अमेरिकेत 2009 पासून चालणाऱ्या रिसर्चमॅच या रजिस्ट्रीत तर संशोधकाला आधी माणसाचं नावच दिसत नाही. निरोप रजिस्ट्रीमार्फत जातो आणि माणसाने ‘हो’ म्हटल्यावरच त्याचा पत्ता-फोन संशोधकाकडे पोचतो. आपल्याकडेही तशीच पद्धत मागायला हवी. नाव कधीही काढायला सांगता येतं, आणि ट्रायलमध्ये गेल्यावरही मध्येच बाहेर पडता येतं. नेहमीचे उपचार त्यामुळे थांबत नाहीत.

जुळणीला आधार नंबर लागत नाही, ओटीपी तर कशालाच नाही. ज्याने मागितला त्याला उलट सीटीआरआय क्रमांक विचारा. सीटीआरआय ही भारतातल्या ट्रायलींची सरकारी नोंदवही आहे, 2007 मध्ये सुरू झाली. त्यात ट्रायली नोंदतात, स्वयंसेवक नाही. क्रमांक ‘सीटीआरआय’, मग वर्ष, महिना आणि अनुक्रमांक असा असतो. संकेतस्थळावर तो टाकला की कोणत्या रुग्णालयात कोण डॉक्टर, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, भरती चालू की बंद, सगळं फुकट दिसतं. तुम्हाला बोलावलेलं रुग्णालय त्या यादीत नसेल तर जाऊ नका.

आईला वाचता येत नाही. मालवणीच बोलते. तिचं नाव घालू का?
– दोडामार्ग

घाला, पण तिला विचारून. ट्रायलच्या वेळी संमतीपत्र तिला कळेल अशा भाषेत वाचून दाखवतात. त्या वेळी अभ्यासाच्या टीममधला नसलेला साक्षीदार शेवटपर्यंत हजर असावा लागतो, आणि सही त्याचीही होते. अंगठा उठवण्याआधी ‘काय कळलं ते सांगा’ असं डॉक्टरांनी तिला विचारलं का, ते बघा. ती सांगू शकली नाही तर कागद घरी आणा. त्याच दिवशी सही करण्याची सक्ती कोणी करू शकत नाही.

मी डोंबिवलीला असतो, गाव देवगड. कुठला पिनकोड घालू?
– एक चाकरमानी

जिथे पुढचे सहा महिने दर भेटीला हजर राहाल तो. दोन्ही घालू नका. एकच माणूस दोन ट्रायलींत सापडला तर दोन औषधं एकमेकांत मिसळण्याचा धोका त्यालाच, आणि दोन्हीकडचे निकाल वाया.