वॉच कोणाकडे आहे ते बोलून दाखव

प्रिय बाळा,

तुझा मेल नीट वाचला. जहाजावर थर्ड मेट (तिसरी अधिकारी) म्हणून जॉइन करतेयस याचा आनंद आहेच, पण तुझा खरा प्रश्न अगदी शेवटच्या ओळीत होता, की मला कॅप्टनपर्यंत जायचंय, माझा जोडीदार किनाऱ्यावर राहणार, मग हे नातं टिकणार कसं, आणि कादंबऱ्यांमधले कॅप्टन तर प्रेमाच्या बाबतीत सगळे फेलच असतात. सगळे नसतात गं. पण जे असतात ते का होतात हे बघण्यासारखं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

तुला मेलव्हिलच्या 'मोबी डिक' कादंबरीतला, पांढऱ्या व्हेलच्या मागे लागलेला कॅप्टन आहाब आवडतो हे मला माहितीये. त्या पुस्तकात शेवटाकडे एक शांत हवेचा दिवस येतो बघ, तेव्हा तो स्टारबकला म्हणजे आपल्या चीफ मेटला (कॅप्टनच्या खालोखालच्या अधिकाऱ्याला) मनातलं सांगतो, चाळीस वर्षं समुद्रावर काढली, त्यातली तीनसुद्धा जमिनीवर नाहीत, पन्नाशी उलटल्यावर एका तरुण मुलीशी लग्न केलं आणि दुसऱ्याच दिवशी केप हॉर्नकडे निघालो, नवरा जिवंत असून तिला विधवा केली. किती खरं बोलतो तो तिथे! पण हे ऐकतोय कोण, तर चीफ मेट, जिला ऐकायचा हक्क होता ती हजारो मैल लांब. स्टारबक काकुळतीला येऊन म्हणतो चला परत फिरू, आपल्याला एक क्षण वाटतं हा वळेल, आणि तो वळत नाही. मला त्या कादंबरीत कॅप्टन म्हणून जास्त जवळचा वाटतो तो 'रेचल' जहाजाचा गार्डिनर, जो आहाबला विनवतो की माझा बारा वर्षांचा पोरगा होडीसकट हरवलाय, 48 तास शोधायला मदत कर, आणि आहाब नाही म्हणतो. शेवटी समुद्रात एकटा उरलेल्या इश्माएलला, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या खलाशाला, उचलतं ते 'रेचल'च, ते अजून आपली हरवलेली पोरं शोधत फिरत असतं.

आता दुसरा कॅप्टन घे, कॉनरॅडच्या 'टायफून'मधला मॅक्व्हर (पुस्तक 1902 चं, आणि कॉनरॅडकडे स्वतःकडे 1886 पासून मास्टरचं, म्हणजे कॅप्टन व्हायचं, सर्टिफिकेट होतं, त्यामुळे त्याला हे आतून माहिती होतं). हा आहाबच्या अगदी उलट माणूस, साधा, कमी बोलणारा, घरी नेमाने पत्र लिहिणारा. 25 डिसेंबरच्या पहाटे चार ते सहाच्या मधे, वादळात, त्याला खरोखर वाटलेलं असतं की जहाज आणखी तासभरही तगणार नाही आणि बायकोमुलं परत दिसणार नाहीत, आणि हे तो पत्रात लिहितोसुद्धा. पण बायको घरी बसून ते पत्र वरवर चाळते, तिची नजर त्या ओळीवर पडतच नाही, आणि ती उठून खरेदीला जाते. मला तो प्रसंग वादळापेक्षा भयंकर वाटतो. बायकोला दोष देऊन मोकळं होता येतं, पण तेवढं पुरत नाही, कारण वर्षानुवर्षं एकाच सपाट सुरात सगळं लिहिलं, हवा कशी होती आणि जीव कसा जात होता दोन्ही एकाच आवाजात, तर वाचणाऱ्याची चाळायची सवय होते. तू त्याला रोज रात्री "ऑल गुड, झोपते" एवढंच पाठवत राहिलीस तर तोही एक दिवस चाळायला लागेल, चांगला मुलगा असूनसुद्धा.

आणि तू 'पर्सुएशन' वाचलेलं नाहीस असं दिसतंय, ते वाचच. जेन ऑस्टिन गेली जुलै 1817 मधे आणि पुस्तक आलं त्याच वर्षाच्या शेवटी. तिचे दोन भाऊ नौदलात होते, त्यामुळे त्यातले नौदलवाले लोक खरे वाटतात. कॅप्टन वेंटवर्थ आणि अ‍ॅन यांचं ठरलेलं लग्न मोडतं, साडेआठ वर्षं जातात. शेवटी तो कबूल करतो की मोडल्यावर थोड्याच वर्षांत हातात पैसा आला होता, जहाज मिळालं होतं, तेव्हा तुला पत्र लिहिलं असतं तर तू हो म्हणाली असतीस का, आणि ती हो म्हणते. सहा वर्षं वाचली असती दोघांची! फक्त अभिमान आडवा आला, लढाईत जो माणूस एवढा धाडसी तो एक पत्र लिहायला घाबरला. हाच वेंटवर्थ आधी म्हणतो की मी माझ्या जहाजावर बायकांना येऊ देत नाही, तेव्हा त्याची बहीण मिसेस क्रॉफ्ट त्याला चांगलं सुनावते. पंधरा वर्षांच्या संसारात तिने अटलांटिक चारदा ओलांडलेला, आणि ती सांगते की मी आजारी पडले, घाबरले ती फक्त एका हिवाळ्यात, जेव्हा नवरा समुद्रावर होता आणि मी किनाऱ्यावर एकटी. किनाऱ्यावरच्या माणसाचं काय होतं ते एवढं सरळ क्वचितच कुणी लिहिलंय, आणि तुझा जोडीदार आता त्या जागी असणार आहे हे लक्षात ठेव.

ह्याच क्रॉफ्ट नवराबायकोचा घोडागाडीचा एक छोटा प्रसंग आहे, अ‍ॅडमिरल हाकतोय, गाडी खांबाला धडकणार, तेवढ्यात ती 'अहो, तो खांब!' एवढंच म्हणते आणि शांतपणे लगाम जरासा वळवते आणि गाडी निघून जाते. अ‍ॅनला वाटतं यांचा संसारही असाच चालत असणार. तुम्ही तरुण लोक हे वाचून म्हणता, वा, असंच पाहिजे, एका शब्दात कळलं पाहिजे. अगं ते पंधरा वर्षं एकत्र राहिलेत! तुम्हाला दोघांना सुरुवात नीट, सविस्तर बोलूनच करावी लागेल.

आणि बोलायचं कसं हे तुला ट्रेनिंगमधे शिकवलंयच, फक्त तू ते घरी वापरत नाहीस. कॅप्टन ब्रिजवर (जहाज चालवायच्या खोलीत) येऊन तुझ्या शेजारी उभा राहिला तरी वॉच (जहाज सांभाळायची पाळी) तुझाच असतो, तो स्पष्ट बोलून ताबा घेईपर्यंत आणि दोघांना ते समजेपर्यंत जबाबदारी तुझी. मला स्वतःला घरच्या बाबतीत हा नियम सगळ्यात जास्त कामी आलाय, कारण घरातली अर्धी भांडणं "मला वाटलं ते तू बघतोयस" यावरूनच होतात, घराचा हप्ता, आईची औषधं, कुणाला फोन करायचा राहिला. वळण चालू असताना वॉच बदलत नाहीत हेही तुला पाठ आहे, मग जॉइनिंगच्या आदल्या रात्री "आपण पुढे काय करायचं" हा विषय काढू नकोस, आत्ता काढ, हातात वेळ आहे तोवर. तसंच टक्कर टाळायच्या नियमांत म्हटलंय की कोर्स बदलायचा तर समोरच्याला स्पष्ट दिसेल एवढा बदल, लहान लहान बदल करत बसू नको. तुझं मन बदलत असेल, एकटं वाटत असेल, राग आला असेल, तर रोज पाच अंश सरकू नकोस, मोठ्याने सांग.

कॅप्टनच्या नाईट ऑर्डर्समधे (रात्रीसाठी लिहून ठेवलेल्या सूचनांमधे) बहुतेक वेळा शेवटी हेच असतं की शंका आली तर मला उठवा. चांगला कॅप्टन रात्री दोनला उठवलं म्हणून चिडत नाही, उशिरा उठवलं तर चिडतो. तुला कॅप्टन व्हायचंय ना, मग तुझ्या जोडीदाराने तुला उठवलं तर चिडू नकोस, आणि त्यालाही उठवत जा.

आता व्यवहाराचं, भराभर सांगतो. इंटरनेटची परिस्थिती सुधारलीये, मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शनचे (खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे) नवे बदल डिसेंबर 2024 पासून लागू झालेत आणि त्यात जमेल तेवढं इंटरनेट खलाशांना देण्याची अट आहे, पण कव्हरेज जाणार, कधी काही दिवस काहीच लागणार नाही, हे त्याला आधीच सांग म्हणजे तू गप्प बसलीस म्हणून तो भलता अर्थ काढत बसणार नाही. थर्ड मेटचा वॉच बहुतेक जहाजांवर आठ ते बारा असतो, सकाळी आणि रात्री, तो त्याला कागदावर लिहून दे, आणि जहाजाची वेळ बदलली की नवीन लिहून पाठव. झोप मारून तासन्‌तास फोन करू नकोस, 24 तासांत किमान दहा तास विश्रांतीचा नियम उगाच नाहीये, अर्धवट झोपेत ब्रिजवर उभं राहणं धोक्याचं आहे आणि अर्धवट झोपेत प्रेमही नीट होत नाही, नुसती कुरबुर होते. आणि साइन ऑफची (जहाजावरून उतरून घरी यायची) तारीख त्याला पक्की म्हणून कधीच सांगू नकोस, रिलीव्हर, म्हणजे तुझ्या जागी येणारा, यायला उशीर होतो, पोर्ट बदलतं, तेव्हा "या महिन्याच्या आसपास" एवढंच म्हण आणि तिकीट हातात आल्यावर तारीख कळव.