फणस घरात आलाय, आता कापायचा कुणी?

मे महिना लागला की या सदरात आंब्याची पत्रं येतात, यंदा मात्र फणसानेच बाजी मारलीये, म्हणून हे अख्खं पान त्याला दिलं. मी मूळची देवरुखची, लग्न होऊन पुण्यात आले त्याला तीस वर्षं झाली, आणि दर उन्हाळ्यात गावाहून दोन फणस येतातच. त्यामुळे खाली जे सांगतेय ते सगळं हाताखालून गेलेलं आहे.

कोथरूडहून एक वाचक : सासऱ्यांनी लक्झरीच्या डिकीतून चौदा किलोचा फणस पाठवलाय. तिसरा मजला, लिफ्ट नाही, मिस्टर म्हणतात वॉचमनला देऊन टाक. मी जन्मात कधी फणस कापलेला नाही. काय करू?

ताई, अजिबात देऊ नका! सासऱ्यांनी झाडावरचे दहा फणस वाजवून बघितले असतील तेव्हा त्यातला हा एक सुनेकडे निघालाय. वॉचमनदादांना गरे नक्की द्या, पण कापून द्या, नाहीतर तुमची पंचाईत फक्त त्यांच्या खोलीत जाईल.

आधी तो पिकलाय का बघा. बोटाच्या पेरांनी वाजवायचा, कच्चा असेल तर ठक ठक असा टणक आवाज येतो, पिकला की बद बद वाजतो. काटे एकमेकांपासून लांब गेलेले आणि थोडे बसके दिसतात. आणि वास, तो तर तुम्ही जिना चढतानाच सांगेल. अजून कच्चा असेल तर गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात ठेवा, दोन-चार दिवसांत होईल.

कापायच्या दिवशी जुना गाऊन घाला, खाली पेपरचे चार थर पसरा, वाटीत खोबरेल घ्या आणि दोन्ही हातांना कोपरापर्यंत चोळा, विळीच्या पात्यालाही दोन्ही बाजूंनी लावा. मग देठाकडून उभा चिरायचा. चीक भराभर येतो, त्याला पाणी लावायचं नाही, पेपरच्या बोळ्याने टिपत राहायचं. चार फाका झाल्या की मधला पांढरा दांडा कापून काढा (चिकाचं माहेर तेच आहे) आणि मग फाक दोन्ही हातांनी उलटी वाकवा, की गरे आपोआप असे वर उभे राहतात, पिवळेधमक, चकचकीत, आणि त्या क्षणी मिस्टरसुद्धा मोबाइल ठेवून उठून येतात बघा. हे सगळं कापा, म्हणजे कडक गऱ्यांच्या, फणसाचं. अंगठा दाबल्यावर आत गेला तर तो बरका, म्हणजे मऊ गऱ्यांचा, त्याला विळी नकोच, देठाकडून हातानेच उकलतो.

सिंहगड रोडवरून : मुलाच्या केसांना चीक लागलाय. दोनदा शांपू केला, अजून घट्ट झाला. कात्री लावू का?

थांबा, कात्री नको. चीक पाण्यात विरघळत नाही, तेलात सुटतो, शांपूने कितीही घासलं तरी तो हलणार नाही. कोमट खोबरेल केसांना चोळा, दहा मिनिटं ठेवा, जाड कंगव्याने ओढून काढा आणि मग शांपू करा. विळी, ओटा, दाराची कडी सगळ्याला हाच उपाय. एक मात्र लक्षात ठेवा, कुणाला रबराच्या हातमोज्यांची किंवा फुग्यांची अॅलर्जी असेल तर त्यांनी फणसापासून जरा लांबच राहावं, चीक त्याच जातीचा असतो.

सहकारनगरहून : आम्ही फणस आणला की सोसायटीच्या ग्रुपवर वासाची कंप्लेंट येते. मागच्या वर्षी तर कुणीतरी गॅस लीक म्हणून मेसेज टाकला. आमच्या घरी फणस म्हणजे देव, काय करावं?

वास येतो हे खरंच आहे, आपल्याला तो माहेरचा वाटतो म्हणून सगळ्यांना वाटेल असं नाही. मी एकदा महाड-भोर मार्गे एसटीने येत होते, पायाशी फणस, वरंध घाटाच्या वळणांत तो हलून हलून असा काही पिकला की भोरच्या स्टँडवर कंडक्टर आत येऊन म्हणाला, ज्यांचा आहे त्यांनी एकतर उतरा नाहीतर वाटा. मी बसच्या पायरीवरच फोडला. पिशवीत विळी होती, माहेरून येताना असतेच. मागच्या सीटवरच्या एक आजी माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि गरे काढायला लागल्या, न विचारता.

तेव्हापासून आमच्या बिल्डिंगमध्ये मी फणस पार्किंगमध्येच कापते, रविवारी सकाळी नऊला. आदल्या रात्री ग्रुपवर एकच ओळ टाकते, 'उद्या फणस आहे, आपापले डबे घेऊन या.' मध्यम फणसातसुद्धा शंभराच्या वर गरे निघतात हो, चार माणसांच्या घराने ते खायचे कधी? पोरं खालच्या नळावर आठळ्या धुतात, आणि ज्यांना वास सोसत नाही ते खिडक्या लावून घेतात, त्यांना आधी कळलेलं असतं. सालं आणि पात्या (गऱ्यांभोवतीच्या चिवट पट्ट्या) निम्म्याहून जास्त वजनाच्या निघतात. कोकणात ही चारखंडं, म्हणजे गरे काढून उरलेली सालं, गुरांपुढे टाकतात, इथे ती बारीक तोडून खताच्या खड्ड्यात टाका, ओल्या कचऱ्याच्या बादलीत एकदम कोंबू नका, कचऱ्याच्या मावशींना ती उचलत नाही.

कसब्यातून : आमच्यात दरवर्षी भांडण, कापा चांगला की बरका?

हातात घेऊन कचकन चावायला कापा. पण मला विचाराल तर बरकाच, कारण फणसाची सांदणं त्याचीच छान होतात. गरे चाळणीवर घासून रस काढायचा, त्यात तांदळाचा रवा, गूळ, चिमूटभर मीठ, ओलं खोबरं, भिजवून ठेवायचं आणि वाफवायचं, वर नारळाचं दूध. बरका बुळबुळीत म्हणून नाक मुरडणाऱ्याला आधी सांदण द्या आणि कशाचं ते नंतर सांगा.

हिंजवडीहून एक आयटीवाला : माझा रूममेट लखनौचा, तो कटहलला शाकाहारी मटण म्हणतो आणि गोड फणस खातच नाही. आम्ही त्याची भाजी करतो की नाही?

करतो की! कोवळा फणस म्हणजे कुयरी, ती फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळते. तुकडे वाफवून ठेचायचे, मोहरी, हिंग, सुकी मिरची यांची फोडणी, ओले काजूगर मिळाले तर घाला, वर खोबरं. मसाला कमी असतो कारण फणसाची चव लागायला हवी. त्याला एकदा करून घाला, आणि त्याच्याकडून गरम मसाल्याचं कटहल शिकून घ्या, तेही अप्रतिम लागतं.

औंधहून, वय नऊ : इंग्लिशमध्ये जॅकफ्रूट का म्हणतात? जॅक कोण होता?

बाळा, जॅक नावाचा कुणी नव्हता. केरळात मल्याळममध्ये फणसाला चक्का म्हणतात, पोर्तुगीज आले त्यांनी त्याचं जाका केलं आणि इंग्रजांनी जॅक. आपला फणस संस्कृतातल्या पनसावरून आला. आणि शाळेत सांग, जगातला सगळ्यात जड फणस म्हणून गिनीजमध्ये ज्याची नोंद झाली तो २०१६ साली आपल्या पुण्यातच तोलला होता, ४२.७२ किलो! तुझ्यापेक्षा जड.

हडपसरहून : मिस्टर बस चालवतात. फणस खाल्ला की दारूच्या मशीनमध्ये येतं म्हणे, खरं का?

खरं आहे. २०२५ च्या जुलैत केरळात पंदळमच्या बस डेपोत ड्रायव्हर मशीनमध्ये नापास झाले, दारूचा थेंब घेतलेला नव्हता, सकाळी डेपोत गरे खाल्ले होते. मग एकाची खाण्याआधी आणि खाल्ल्यावर टेस्ट केली तेव्हा उलगडा झाला. फार पिकलेल्या गऱ्यातली साखर आंबायला लागते, त्यातून थोडा अल्कोहोल तयार होतो आणि तो तोंडात राहतो. मिस्टरांना ड्युटीवरून आल्यावर द्या, आधी नको.

शनिवार पेठेतून : वटपौर्णिमेच्या वाणाला पाचच गरे लागतात, त्यासाठी अख्खा फणस?

नाही हो, मंडईत सुटे गरे मिळतात, पण आदल्या दिवशी सकाळीच जा. आणि एखादा खाऊन बघूनच घ्या, पाऊस लागला की ते पाणचट होतात. आठळ्या मागून घ्या, बरेच जण तशाच देतात, मिठाच्या पाण्यात उकडून संध्याकाळी चहाबरोबर.